अनुदानाचा हिशेब

शासकीय अनुदानावर चालणारी स्वयंसेवी संस्था बिनसरकारी असली, तरी अनुदानाचा पैसा तिच्या मालकीचा नसतो. तो करदात्यांचा असून विशिष्ट कार्यासाठी विश्वासाने सोपविलेला असतो. केंद्र शासनाच्या अनुदानाबाबत ही शिस्त ‘सामान्य वित्तीय नियम, २०१७’ यांनी घालून दिली आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका संस्थेस वसतिगृह चालविण्यासाठी १० लाख रुपये मिळाले. वर्षअखेर ८ लाख खर्च झाले आणि खात्यावर २० हजार रुपये व्याज जमा झाले. उपयोगिता प्रमाणपत्रात खर्च ८ लाखांचाच दाखविला पाहिजे. उरलेले २ लाख परत करावे लागतात किंवा पुढील अनुदानात समायोजित होतात. व्याजही संस्थेचे नव्हे. हिशेब अंतिम होताच ते भारताच्या एकत्रित निधीत भरावयाचे असते.

‘पुढील वर्षी अनुदान घटेल’ या भीतीने संपूर्ण रक्कम खर्ची टाकण्याचा मोह येथेच होतो. परंतु एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे वळविणे म्हणजे खर्च नव्हे. प्रमाणपत्र हा संस्थेचा दावा असतो. त्याची पडताळणी खातेउतारा आणि पावत्या यांवरूनच होते. म्हणून अनुदानासाठी स्वतंत्र खाते ठेवणे केव्हाही हितावह.

या हिशेबावर बाहेरचीही नजर असते. १९७१ च्या कायद्यातील कलम १४ नुसार, संस्थेस वर्षभरात शासनाकडून मिळालेले अनुदान वा कर्ज किमान २५ लाख रुपये आणि तिच्या एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असल्यास नियंत्रक व महालेखापरीक्षक तिचे लेखापरीक्षण करतात. नागरिकालाही अधिकार आहे. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणाऱ्या स्वयंसेवी संस्था माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कक्षेत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१९ रोजी स्पष्ट केले. साहाय्य निम्म्याहून अधिकच असले पाहिजे, अशी अटही नाही.

आपल्यापैकी कोणी विश्वस्त असतील, कोणी देणगीदार, तर कोणी अशा संस्थांची खाती सांभाळणारे कर्मचारी. मंजूर किती, खर्च किती, शिल्लक किती, व्याज कोठे गेले, हे चार प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. प्रामाणिक संस्थेला त्यांचा जाच वाटत नाही. उलट तिची पत वाढते. कारण कागदावर खर्ची पडलेला, पण मुलांच्या ताटापर्यंत न पोहोचलेला रुपया ही केवळ हिशेबातील चूक नसते; त्या मुलांच्या तोंडचा घास गेलेला असतो.