सरंग्याचे प्रजनन आणि आपली मासेमारी

पालघर-बोईसर परिसरात वाढलेल्या प्रत्येकास सरंगा, म्हणजेच पापलेट, ठाऊक असतो. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या गावांतील अनेक कुटुंबांची वर्षाची बेगमी त्यावर अवलंबून असते. २०२३ साली शासनाने त्यास राज्यमाशाचा मान दिला. मात्र हा मासा पुढील पिढ्यांच्या ताटात राहील की नाही, हे त्याच्या प्रजननावर ठरणार आहे. ते शास्त्र आपण थोडक्यात समजून घेऊ.

बहुतेक सागरी माशांत फलन शरीराबाहेर होते. मादी पाण्यात अंडी सोडते, नर रेत सोडतो आणि फलित अंडी प्रवाहाबरोबर तरंगत जातात. त्यांतून फारच थोडी पिल्ले मोठी होतात. ही हानी अंड्यांच्या विपुलतेने भरून निघते. मादी जितकी मोठी, तितकी तिच्या गाबोळीत अंडी अधिक. खोल समुद्रातील पिवळ्या पंखांचा कुपा, म्हणजे ट्यूना, सुमारे एक मीटर लांब झाल्यावर प्रजननक्षम होतो आणि हंगामात जवळजवळ दररोज अंडी सोडू शकतो. सरंगा आकाराने लहान असला तरी नियम दोघांनाही एकच आहे.

ज्या लांबीस निम्म्या माद्या पक्व झालेल्या आढळतात, तिला प्रथम परिपक्वतेची लांबी म्हणतात. त्यापूर्वी मासा पकडला गेला, तर त्याची पुढची पिढीही त्याच्याबरोबर जाते. शिवाय माशाची लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होते. म्हणून थांबणे हा केवळ त्याग नव्हे, तर व्यवहारही आहे.

२०२३ मध्येच राज्याने ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरविले. सरंग्यासाठी ते १३५ मिलिमीटर आहे. जून-जुलैच्या पावसाळी बंदीत अनेक जातींना प्रजननास अवकाश मिळतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवण्याची कोळी समाजाची प्रथा तर या कायद्याहून जुनी आहे. तथापि जाळ्यातून निघालेले पिल्लू परत सोडले तरी क्वचितच जगते. म्हणून खरा उपाय जाळ्याच्या आसात आहे. डोल जाळ्याच्या शेपटाकडील बारीक आसात पिल्ले अडकतात. आस मोठा ठेवला तर ती निसटतात.

उरलेली जबाबदारी आपली, म्हणजे ग्राहकांची आहे. लहान पापलेटास गिऱ्हाईक नसेल, तर ते बाजारात येणार नाही. आपल्या मुलांच्या कंपासपेटीतील पट्टी १५ सेंटीमीटरची असते. १३५ मिलिमीटर म्हणजे त्याहून दीड सेंटीमीटर कमी. एवढे माप लक्षात ठेवून मासा निवडावा, अशी आमची सर्व पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे.