दोन व्ह्यू, एकच दुय्यम सर्व्हर

प्रश्न : बाइंड ९ मध्ये एकाच झोनचे अंतर्गत आणि बाह्य असे दोन व्ह्यू आहेत. दुय्यम सर्व्हरवर मात्र दोन्हीकडे अंतर्गत नोंदीच येतात. असे का?

उत्तर : बाइंड व्ह्यू क्रमाने तपासतो आणि जुळणारा पहिला व्ह्यू निवडतो. निवड केवळ आयपी पत्त्यावरून होत असेल, तर एकाच पत्त्यावरून आलेल्या दोन्ही विनंत्या एकाच व्ह्यूत जातात. यावर खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक व्ह्यूसाठी स्वतंत्र टीसिग की.

दोन्ही सर्व्हरांवर अंतर्गत व्ह्यूच्या 'मॅच-क्लायंट्स' यादीत आधी बाह्य की नकारचिन्हासह, मग अंतर्गत की आणि शेवटी अंतर्गत नेटवर्क लिहावे. हा क्रम सर्वांत महत्त्वाचा. नेटवर्क आधी आले, तर बाह्य कीने सही केलेली विनंतीही पत्त्यामुळे अंतर्गत व्ह्यूतच अडकते. बाह्य व्ह्यूत बाह्य की आणि उरलेले सर्व जग.

यानंतर प्रत्येक व्ह्यूत 'सर्व्हर' विधानाने समोरच्या सर्व्हरच्या पत्त्याला त्या व्ह्यूची की जोडावी. हे मुख्य सर्व्हरवरही हवे. नाहीतर बदलाची सूचना, म्हणजे नोटिफाय, भलत्याच व्ह्यूत पोहोचते. दुय्यम सर्व्हरवर झोनच्या फाइलींची नावे व्ह्यूनुसार वेगळी ठेवावीत. 'अलाउ-ट्रान्स्फर'मध्ये पत्त्याऐवजी त्या व्ह्यूची कीच द्यावी.

टीसिगमध्ये वेळेचा शिक्का असतो. घड्याळांत साधारण ३०० सेकंदांहून अधिक फरक पडला की विनंती नाकारली जाते, म्हणून एनटीपी आवश्यक. टीसिग ओळख पटवते, मजकूर लपवत नाही. गोपनीयतेसाठी बाइंड ९.१८ पासून टीएलएसवरून झोन हस्तांतरण करता येते.