शंभर नंबरी नळ : पॉलिथिलीनच्या श्रेणी आणि त्यांचा अर्थ

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगत किंवा डोंबिवलीच्या एखाद्या वसाहतीत रस्ता खोदला गेला की, चराच्या कडेला दोन प्रकारच्या नळांची वेटोळी पडलेली दिसतात. एक काळे, अंगावर निळे पट्टे असलेले. दुसरे पिवळे अथवा नारिंगी. पहिल्यातून पाणी जावयाचे असते, दुसऱ्यातून घरगुती वापराचा नैसर्गिक वायू. रंग निराळे असले तरी दोन्ही नळ पॉलिथिलीन या एकाच जातीच्या पदार्थाचे असतात. त्यांच्या अंगावर ठरावीक अंतराने एक ओळ छापलेली असते. 'पीई १००', 'एसडीआर १७', 'पीएन १०' अशी काही अक्षरे आणि आकडे तीत असतात. येणारेजाणारे ती कारखान्याची खूण समजून सोडून देतात. वस्तुतः ती त्या नळाची जन्मपत्रिका होय, आणि ज्या ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या पैशातून तो नळ जमिनीत जावयाचा, तेथील सदस्यांना ती वाचता येणे अगत्याचे आहे.

ठाण्याशी जुने नाते

पॉलिथिलीनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत, जवळजवळ अपघातानेच, लागला. अतिप्रचंड दाबाखाली तयार होणारा तो पदार्थ मऊ होता. १९५३ मध्ये जर्मनीतील कार्ल त्सिग्लर यांनी कमी दाबाखाली अधिक घन व बळकट पॉलिथिलीन बनविण्याची रीत शोधून काढली. नळासाठी हाच प्रकार मुख्यतः उपयोगी पडला. त्सिग्लर यांना पुढे १९६३ मध्ये इटलीचे ज्यूलिओ नात्ता यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात या पदार्थाच्या उत्पादनाचा पाया ज्या थोड्या ठिकाणी घातला गेला, त्यांत ठाणे-बेलापूर पट्टा अग्रभागी होता. १९६८ च्या सुमारास तेथे नोसिलचा नाफ्थावर चालणारा पेट्रोरसायन कारखाना सुरू झाला, आणि शेजारच्या पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजमध्ये उच्च घनतेचे पॉलिथिलीन तयार होऊ लागले. कच्चा माल आता अन्यत्र तयार होतो. परंतु ज्या जिल्ह्यात हा पदार्थ प्रथम घडला, त्याच जिल्ह्याच्या जमिनीत आज तो मैलोगणती पुरला जात आहे, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे.

मुंबईला पाणी नेणाऱ्या तानसा, भातसा यांच्या मोठ्या वाहिन्या लोखंडाच्या व पोलादाच्याच आहेत. पॉलिथिलीनचे क्षेत्र निराळे आहे. मुख्य वाहिनीपासून वस्तीपर्यंत, टाकीपासून उंबऱ्यापर्यंत. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट जमिनीत लोखंड गंजते, पॉलिथिलीन गंजत नाही. हे त्याच्या स्वीकाराचे एक मोठे कारण होय.

शंभर म्हणजे काय?

'पीई १००' वाचून तो नळ शंभर नंबरी सोन्यासारखा अस्सल असावा, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. कोणी तो शंभर टक्के शुद्ध समजतो, कोणी शंभर किलो दाबाचा. यांतील एकही अर्थ बरोबर नाही, मात्र शेवटचा सत्याच्या जवळपास जातो.

नळात पाण्याचा दाब असला की नळाची भिंत आडवी ताणली जाते. वीस अंश सेल्सिअस तापमानात ५० वर्षे सतत ताणूनही जो ताण भिंत सोसू शकते, त्यावरून पदार्थाची श्रेणी ठरते. पीई ६३ हा ६.३ मेगापास्कल, पीई ८० हा ८ आणि पीई १०० हा १० मेगापास्कल ताण सोसतो. व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर शंभराच्या श्रेणीतील पदार्थ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे शंभर किलोचा ताण अर्धशतकभर पेलतो. हा आकडा पदार्थाचा आहे, नळाचा नव्हे. तोच पदार्थ पातळ लाटला तर नळ कमी दाबाचा होतो, जाड ठेवला तर अधिक दाबाचा.

५० वर्षांचा निर्वाळा कसा देता येतो, अशी शंका कोणाही विचारी माणसास येईल. त्यासाठी नळाचे तुकडे ८० अंश तापमानाच्या पाण्यात दाबाखाली ठेवले जातात. उष्णतेने पदार्थाचे वय जणू झपाट्याने वाढते, आणि काही हजार तासांच्या निरीक्षणावरून दीर्घकालीन बळाची रेषा आखता येते. जर्मनीत १९५० च्या दशकात अशा कसोटीस लावलेल्या नळांनी पुढे ही रेषा प्रत्यक्ष काळाच्या कसोटीवरही पडताळून दाखविली. एक्कावन्नाव्या वर्षी नळ फुटतो, असा याचा अर्थ मुळीच नाही.

पीई १०० हा पदार्थ १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आला. त्यात आखूड व लांब अशा दोन प्रकारच्या रेणुसाखळ्यांचा मेळ घातलेला असतो. आखूड साखळ्या ताठपणा देतात, लांब साखळ्या चीर पुढे सरकू देत नाहीत.

किलो, जाडी आणि श्रेणी

बाजारात 'सहा किलोचा पाइप', 'दहा किलोचा पाइप' अशी भाषा रूढ आहे. हे किलो वजनाचे नसून दर चौरस सेंटिमीटरवरील पाण्याच्या दाबाचे होत. छापील ओळीतील 'पीएन' तोच दाब बारमध्ये सांगतो, आणि बार व किलो यांत केवळ दोन टक्क्यांचा फरक आहे. 'एसडीआर' म्हणजे नळाचा बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट आहे ते. आकडा मोठा तर भिंत पातळ.

पाण्याच्या नळासाठी पदार्थाच्या बळातून किमान सव्वापट सुरक्षितता वगळतात. म्हणजे पीई १०० च्या भिंतीवर १०० ऐवजी ८० किलो आणि पीई ६३ च्या भिंतीवर सुमारे ५० किलो ताण मान्य. या हिशेबाने पीई ६३ चा एसडीआर ११ नळ आणि पीई १०० चा एसडीआर १७ नळ हे दोन्ही दहा किलोचेच ठरतात. ११० मिलिमीटर व्यासात पहिल्याची भिंत १० मिलिमीटर, दुसऱ्याची साडेसहाच्या आसपास. पहिला मीटरमागे सुमारे ३ किलो वजनाचा, दुसरा सुमारे २ किलो. पातळ नळ पाहून ठेकेदाराने फसविले, अशी तक्रार होते ती पुष्कळदा येथे. परंतु पातळ भिंतीमुळे आतील वाट साधारण १५ टक्क्यांनी मोठी मिळते, आणि दाब तोच पेलला जातो. जाडी पाहून नळ पारखणे म्हणजे पुठ्ठा पाहून पुस्तक पारखणे होय.

खरी फसगत याच्या उलट बाजूने होऊ शकते. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या पाड्याची कल्पना करावी. भातसा व तानसा ही धरणे उशाशी असूनही शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांची तहान उन्हाळ्यात टँकरवर भागते. तेथे नळयोजना ही चैनीची बाब नाही. टाकी टेकडीवर, वस्ती ८० मीटर खाली. दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब सुमारे एक किलो, म्हणून तळाशी तो ८ किलो. एसडीआर १७ च्या नळात भिंतीवरील ताण काढण्यासाठी दाबाला १६ ने गुणून २ ने भागावयाचे. उत्तर ६४ किलो येते. आराखड्याप्रमाणे पीई १०० असेल तर मान्य ताण ८०, तेव्हा चिंता नाही. त्याच जाडीचा पीई ६३ आला तर? त्याचे संपूर्ण ५० वर्षांचे बळच ६३. सुरक्षितता उरली नाही, एवढेच नव्हे तर मूळ बळही ओलांडले गेले.

हा नळ चाचणीच्या दिवशी बहुधा फुटणार नाही. रंग तोच, पट्टे तेच, जाडी तीच, वजनही जवळजवळ तेच. उद्घाटन होईल, पाणी येईल. काही वर्षांनी कोठे दगडाचा टोका लागून, कोठे सांध्याशी, सूक्ष्म चिरा वाढत जातील आणि गळत्या सुरू होतील. तोपर्यंत ठेकेदाराच्या जबाबदारीची मुदत संपलेली असेल, आणि दुरुस्तीचा खर्च पाणीपट्टीवर पडेल.

उन्हाचा हिशेब

वरील सर्व आकडे वीस अंशांचे आहेत, आणि आपली हवा तशी नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३० अंशांस दाबाची क्षमता ०.८७ पट आणि ४० अंशांस ०.७४ पट धरतात. वरच्याच उदाहरणात पीई १०० चा मान्य ताण ३० अंशांस सुमारे ७० वर येतो, ६४ ला अजून पुरतो. ४० अंशांस तो ५९ होतो आणि पुरत नाही. खडक लागला म्हणून नळ मीटरभर खोल न पुरता कातळावरून उघडा नेला, तर वैशाखाच्या उन्हात अस्सल पीई १०० देखील अपुरा पडतो तो असा. काळ्या नळात दोन-तीन टक्के काजळी मिसळलेली असते. ती अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते, उष्णतेपासून नव्हे.

वायूचा नळ

१९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीचे जाळे मुंबईप्रमाणेच ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरात पसरले आहे. शहराच्या मुख्य वाहिन्या पोलादी. वस्तीतील वाहिन्या पॉलिथिलीनच्या व सर्वसाधारणपणे ४ बारपर्यंतच्या दाबाच्या. वायूच्या बाबतीत सव्वापट सुरक्षितता पुरत नाही, किमान दुप्पट धरतात. पीई १०० चा एसडीआर ११ नळ पाण्यासाठी १६ बारचा, तर वायूसाठी १० बारचाच मानला जातो. पाणी गळले तर चिखल होतो, वायू गळला तर काय होते ते सांगावयास नको. इमारतीच्या भिंतीवर चढणारा नळ धातूचाच असतो, कारण पॉलिथिलीनला ऊन व आग दोन्ही मानवत नाहीत. येथे श्रेणीहून मोठा शत्रू म्हणजे न विचारता खोदणारा जेसीबी. नळाच्या वर जमिनीत इशाऱ्याची पट्टी पुरलेली असते, ती दिसताच काम थांबविले पाहिजे.

सांधा आणि माती

उत्तम श्रेणीचा नळही वाईट सांध्याने वाया जातो. दोन टोके सुमारे २२० अंशांच्या तापलेल्या तव्यावर मऊ करून एकमेकांवर दाबतात. बाहेर उमटणारी गोल वळी चहूकडून सारखी असावी लागते. धूळ, घामाचा हात किंवा पावसाचा शिंतोडा लागला तर वळी सुबक दिसूनही सांधा कच्चा राहतो. म्हणून कोकणच्या पावसाळ्यात हे काम आडोशाखालीच व्हावे.

दुसरी गोष्ट डोंबिवलीसारख्या, रासायनिक कारखाने व लोकवस्ती शेजारी असलेल्या शहरांना विशेष लागू आहे. पेट्रोल, बेंझिन, टोल्युइन यांसारखी द्रव्ये मातीत मुरलेली असतील तर ती पॉलिथिलीनच्या भिंतीतून हळूहळू आत झिरपतात. नळ फुटत नाही, पाण्याला मात्र वास व विषारीपणा येतो. पीई १०० असल्याने यात काही फरक पडत नाही. अशा जमिनीत पिण्याच्या पाण्यासाठी धातूचा नळ, किंवा मधे धातूचा थर असलेला नळ योजावा लागतो; आणि आराखड्यापूर्वी मातीची तपासणी करून घेणे हा अनाठायी खर्च नव्हे.

नळ गावात उतरेल तेव्हा

पाण्याच्या पॉलिथिलीन नळांसाठी भारतीय मानक आयएस ४९८४ आहे, त्याची सुधारित आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. वायूच्या नळांचे मानक आयएस १४८८५. नळावरील ओळीत मानकाचा क्रमांक, श्रेणी, व्यास, दाब, उत्पादनाचा गट आणि आयएसआय चिन्हासह परवान्याचा क्रमांक पाहावा. भंगार प्लास्टिक मिसळलेल्या नळास हे चिन्ह मिळू शकत नाही. श्रेणी डोळ्यांनी ओळखता येत नसल्याने, कारखान्याचा चाचणी दाखला त्याच गटाचा आहे काय ते जुळवून पाहावे, आणि शंका आल्यास छत्रपती संभाजीनगर येथील सिपेटसारख्या केंद्रीय संस्थेकडे तुकडा पाठवावा. नळ चरात उतरण्यापूर्वी ही ओळ मोजमाप पुस्तिकेत जशीच्या तशी उतरवून घ्यावी व तिचे छायाचित्र दप्तरी ठेवावे. माती लोटल्यानंतर ती वाचण्यासाठी पुन्हा खोदावे लागते.