फ्रीजवरची नोटीस

अगं, काल तू बोलता बोलता सांगून गेलीस, "नोटीस आलीय, ह्यांनी फ्रीजवर ठेवलीय, दिवाळीनंतर बघू म्हणाले." मला रात्रभर झोप लागली नाही.

आधी ती खाली काढ आणि वाच. वर 'डिमांड नोटीस' आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं नाव असेल, तर ती नुसती वकिली धमकी नव्हे. मिळाल्यापासून १० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. थकबाकी किमान १ कोटी रुपये असली, की पुरवठादार थेट कंपनी कायदा न्यायाधिकरणात जातो. तिथे अर्ज दाखल करून घेतला, की संचालकांचे अधिकार त्याच दिवशी थांबतात. चेकवरच्या सहीपासून गेटच्या किल्लीपर्यंत सगळं नेमलेल्या माणसाच्या हाती जातं. मग तडजोड सुचून उपयोग काय? धनकोंची समिती बसल्यावर अर्ज मागे घ्यायलासुद्धा ९० टक्के मतं लागतात.

माल खराब आला म्हणून पैसे अडवले, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण तो वाद नोटिशीच्या आधीचा हवा. २०१७ साली मोबिलॉक्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. वाद आधीचा आणि खरा असेल, तर अर्ज फेटाळला जातो. तुम्ही तो जिंकणार की हरणार, हे तिथे बघत नाहीत.

आमच्यावर ही वेळ आली तेव्हा एका चलनाने तारलं बघ. स्टोअरमधल्या पोराने मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिलेलं, '४० नग रिजेक्ट, भोक वाकडं.' खाली ड्रायव्हरची सही, तारीख आणि ग्रीसचा उमटलेला अंगठा. असे कागद शोध. जुने मेल, डेबिट नोट, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो, सगळं तारीखवार लाव.

आणि 'मी सहीपुरती डायरेक्टर' असं परत म्हणू नकोस. बँकेच्या कर्जाला तू वैयक्तिक हमी दिलीयस. अर्ज दाखल करून घेतल्यावर कंपनीवरच्या वसुलीला स्थगिती मिळते, हमीदाराला मिळत नाही. बँक तुझ्या दारात येऊ शकते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आईचं वाक्य मलाही पाठ आहे. पण इथे गप्प बसणं म्हणजे कारखाना सोडून देणं.

पाकिटावरची पोचेची तारीख बघ, दिवस मोज आणि आज संध्याकाळच्या आत मला फोन कर.