निर्वासितांची इंग्रजी शाळा

तुम्ही अक्षरवर्गात पहिल्यांदा आलात तो दिवस आठवा. पाटी हातात धरायला संकोच वाटत होता. शेजारचा काय म्हणेल, नातू हसेल काय, असे मनात येत होते. आता तुम्ही एस.टी.ची पाटी वाचता. सातबाऱ्यावरचे आपले नाव ओळखता. कोणाला विचारावे लागत नाही.

आता समजा, एका रात्रीत हे सारे गेले. एस.टी.वर पाटी आहे, पण अक्षर ओळखीचे नाही. कंडक्टर काहीतरी बोलतो, ते कळत नाही. दवाखान्यात पोर तापाने फणफणले आहे, आणि ताप कधीपासून आहे हे डॉक्टरला सांगता येत नाही. निर्वासिताचे असेच होते. जीव वाचवण्यासाठी घरदार सोडून पळालेला माणूस म्हणजे निर्वासित. त्याची भाषा त्याच्या तोंडात असते, पण ती समजणारा जवळ कोणी नसतो.

कोल्हापूरकडच्या मंडळींनी अशी माणसे पाहिली आहेत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंड देशाच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे होती, त्यांत बायका आणि मुलेच जास्त. रशियाने त्यांना घरांतून उचलून सायबेरियासारख्या थंड मुलखात नेले होते. तिथून सुटून, इराणमार्गे ती आपल्याकडे आली. छावणीत त्यांच्या भाषेच्या शाळा होत्या. पुढे छावणी मोडली. त्या जागी सिंधी निर्वासित आले, तेच आजचे गांधीनगर. पोलंडची माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. तिथे इंग्रजीवाचून पान हलत नव्हते.

यांपैकी ऑस्ट्रेलियाची हकीकत आम्ही सांगतो, कारण तिथे सरकारने हे शिकवणे अंगावर घेतले.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा युरोपात लाखो माणसे छावण्यांत पडून होती. १९४७ पासून ऑस्ट्रेलियाने त्यांतली सुमारे १ लाख ७० हजार माणसे नेली. ही नुसती दया नव्हती. त्या देशाला काम करणारे हात हवे होते. दोन वर्षे सरकार पाठवील तिथे काम करायचे, अशी अट होती. तिकडचा डॉक्टर इकडे फावडे मारी. शिक्षण होते, पण ते सांगायला भाषा नव्हती, आणि सांगितले तरी त्याचा कागद इकडे चालत नव्हता.

१९४८ साली सरकारने इंग्रजीचे वर्ग सुरू केले. बोनेगिला नावाची एक जुनी लष्करी छावणी होती. पत्र्याच्या लांब खोल्या. १९४७ ते १९७१ या काळात तीन लाखांहून अधिक माणसे त्या छावणीतून पुढे गेली. तिथे वर्ग भरत. बोटीवरही भरत, म्हणजे जमीन दिसण्याआधीच धडा चालू. जो दूर रानात धरणावर किंवा ऊसतोडीला गेला, त्याच्यासाठी टपालाने धडे जात आणि रेडिओवर पाठ लागत.

आता शिकवायचे कसे? एका खोलीत पोलंडचा, लॅटव्हियाचा, युक्रेनचा माणूस. सगळ्यांना समजेल अशी एकही भाषा नाही. म्हणून मास्तर वस्तूच हातात घेई. ती दाखवायची, नाव घ्यायचे, वर्गाने पाठोपाठ म्हणायचे. मग तिकीट काढण्याचा प्रसंग, मग दुकानाचा, मग दवाखान्याचा. व्याकरण मागाहून. आम्ही स्वतः तर्खडकरांच्या पुस्तकावर इंग्रजी शिकलो आणि तसेच पोरांना शिकवले. आमच्या पोरांना क्रियापदाची रूपे घडाघडा येत, पण साहेब समोर आला की वाचा बसे. बोनेगिलाची रीत आम्हाला आधी कळती तर बरे झाले असते.

त्या रीतीतही खोट होतीच. दिवसभर खणून आलेला माणूस रात्रीच्या वर्गात पेंगे. आणि बाया? लेकरू कोणाकडे टाकून वर्गाला यायचे? नवरा कामावर जाऊन चार शब्द उचली, पोरे शाळेत भराभर बोलू लागत, आणि आई घरात मुकी. मग आठ वर्षांची पोर आईची दुभाषी होई. डॉक्टरकडे आईचे दुखणे त्या पोरीने सांगायचे! पोरीला काय कळणार, आणि आईने तिच्यासमोर काय बोलायचे?

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. याच देशाने भाषेचा अडसर करून माणसे बाहेर ठेवली होती. १९०१ च्या कायद्याप्रमाणे अधिकारी नको असलेल्या माणसाला युरोपातल्या एखाद्या भाषेत पन्नास शब्दांचा उतारा लिहायला सांगे. भाषा अधिकारीच निवडी, म्हणजे नापास ठरलेलेच. १९३४ साली एगॉन किश नावाचा लेखक आला. त्याला पुष्कळ भाषा येत, म्हणून त्याला स्कॉटलंडच्या डोंगरी भाषेत उतारा घातला. वरच्या कोर्टाने पुढे ती परीक्षा गैरलागू ठरवली. ही चाल १९५८ पर्यंत कायद्यात होती. गोऱ्यांखेरीज इतरांना दूर ठेवण्याचे धोरण १९७३ साली पुरते मोडले.

त्यानंतर व्हिएतनामचे निर्वासित आले. त्यांची पहिली होडी १९७६ साली डार्विन बंदराला लागली. मागाहून आणखी देशांतून आले. यांत अशीही माणसे होती की ज्यांनी स्वतःच्या भाषेतही कधी पाटी धरली नव्हती. ज्याला एक लिपी येते तो दुसरी लवकर शिकतो. ज्याला एकही येत नाही, त्याला पेन धरण्यापासून सुरुवात. हे तुम्हाला आम्ही काय सांगावे!

पण सरकारने पुढे मोजून ५१० तास ठरवले. रोज दोन तास धरले तर २५५ दिवस. शिकलेल्या माणसाला तेवढ्यात बरेच जमे. अडाणी राहिलेल्याला थोडे जादा तास मिळत, पण त्यांचाही हिशोब असे. बाळंतपण आले, काम लागले, की वर्ग सुटे, आणि मुदतही टळून जाई. पुष्कळ जण नीट बोलू लागण्याआधीच बाहेर पडत. शेवटी २०२१ साली ही तासांची मर्यादा काढून टाकली. माणसाला पुरेशी भाषा येईपर्यंत वर्ग फुकट, असे ठरले. आधी नुसत्या रोजच्या व्यवहारापुरते शिकवत, आता कामधंद्याला पुरेल इथवर शिकवतात. आमच्या मते हे फार आधी व्हायला हवे होते.

लेकुरवाळ्या बाईसाठी वर्गाच्या वेळी मूल सांभाळण्याची सोय आहे. जिला घराबाहेर पडणेच जमत नाही, तिच्याकडे स्वयंसेवक घरी येऊन शिकवतो, त्याचे पैसे घेत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बसतात. धडा असा काही असतो: पोराला ताप आहे, तो आज शाळेत येणार नाही, हे फोनवर शाळेला कसे सांगायचे. बाई दोनदा चुकते, तिसऱ्यांदा नीट म्हणते. मग दोघी मिळून खराच फोन लावतात. पोरीला मध्ये बोलवावे लागत नाही.