चाकांवरील घरांतील वीज

दिवेआगरच्या सुरूबनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अलीकडे कधीं कधीं एक लांबट मोटार दिसते. तिच्या पोटांत बिछाना, चूल, दिवे, पंखा असा सारा संसार असतो. तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनानें अशा प्रवासासाठीं २०२१ सालीं स्वतंत्र धोरणही आखलें. रात्र पडली कीं हे पाहुणे एखाद्या वाडींत मुक्काम करितात व यजमानाच्या घरांतून वीज मागतात. तेव्हां या विजेचें ज्ञान पाहुण्यांइतकेंच आपणांसही हवें.

या मोटारींत विजेच्या दोन वाटा असतात. एक बॅटरीची, बहुधा १२ व्होल्टची. दुसरी बाहेरून घेतलेली, घरच्यासारखी २३० व्होल्टची. लोक भितात ते दुसरीस, आणि तें योग्यच आहे. पहिलीविषयीं मात्र, "बारा व्होल्टनें काय होणार?" असें ऐकूं येतें. कोरड्या हातास तिचा धक्का सहसा जाणवत नाहीं हें खरें. पण तिचें भय धक्क्याचें नव्हे, आगीचें आहे.

थोडें गणित करूं. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. १००० वॅटची किटली २३० व्होल्टवर सुमारें ४.३ अँपिअर प्रवाह ओढते. तीच इन्व्हर्टरमार्फत बॅटरीवर चालविली, तर बॅटरीच्या तारेंतून ८३ अँपिअरांहून अधिक प्रवाह वाहतो. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे तार तीच ठेविल्यास उष्णता साडेतीनशें पटींहून अधिक होईल! म्हणून येथें तार जाड लागते, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ लागतो. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठीं असतो असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तो तारेचा रक्षक होय. जळलेल्या फ्यूजच्या जागीं अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याचा तुकडा घालणें म्हणजे पहारेकऱ्यास निजविणें होय.

आपल्या किनाऱ्यावर खारा वारा हा दुसरा शत्रु आहे. दिवेआगरचा शके ९८२ चा ताम्रपट शतकानुशतकें टिकला, म्हणून तांबें अमर आहे असें कोणीं समजूं नये. तारेच्या टोंकावर हिरवट थर चढला किंवा सांधा ढिला झाला, कीं तेथील रोध वाढतो व सांधाच तापूं लागतो. टोंकाजवळचें आवरण काळवंडलें असेल तर तो सांधा नवा करून घ्यावा. शिसें-आम्लाच्या बॅटरीच्या टोंकांवर जमणारी पांढरी-निळसर भुकटी खाण्याचा सोडा व कोमट पाणी यांनीं काढावी, टोंकें कोरडीं पुसून व्हॅसलीन लावावें. सोड्याचें पाणी आंत शिरूं देऊं नये. आंत घालावयाचें तें ऊर्ध्वपातित पाणीच, विहिरीचें नव्हे.

हें काम मोठ्या माणसांनीं करावें, व तत्पूर्वीं अंगठी काढून ठेवावी. प्रथम ऋण टोंक सोडवावें, जोडतांना तें शेवटीं जोडावें. मोटारीचा सांगाडा बहुधा ऋण टोंकास जोडलेला असतो. धन टोंक आधीं सोडवूं गेल्यास पाना सांगाड्यास लागतांच प्रचंड ठिणगी उडते.

घरांतून वायर देतांना ती रिळावर गुंडाळलेली राहूं नये, कारण गुंडाळींत उष्णता कोंडते. जोड ओल्या वाळूवर पडूं नये. भूमि-तार असलेला तीन टोंकांचा प्लग आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीस वीज तोडणारें यंत्र असल्याशिवाय वायर देऊंच नये. पाहुणे रागावले तर रागावोत.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें आपल्या किनाऱ्यावरील विजेचे असंख्य खांब लोळविले व अनेक गांवें कित्येक दिवस अंधारांत राहिलीं. इन्व्हर्टरची बॅटरी आज पुष्कळ घरांत आहे, आणि ती बहुधा याच शिसें-आम्लाच्या जातीची असते. भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु सुटतो. हवेंत तो सुमारें ४ टक्के झाला तरी पेट घेऊं शकतो. तिच्याशेजारीं समई किंवा स्टोव्ह ठेवूं नये, आणि खोलीचा वरचा झरोका उघडा असावा, कारण हा वायु हलका असल्यामुळें वर चढतो.