मधमाश्या कुठे गेल्या?

मधमाशी हा उपयोगी कीटक आहे. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी व पोया अशा माश्या रानात असतात. आग्या उंच झाडावर मोठे मोहोळ बांधते. सातेरी झाडाच्या ढोलीत राहते. पोया अगदी बारीक असते, ती डंख मारत नाही.

आमच्या ओढ्याच्या वडावर पूर्वी सात-आठ आग्यामोहोळे असायची, असे आजी सांगते. यंदा मी मोजली तर दोनच!

माश्या कमी होण्याची कारणे :
१) मध काढताना लोक टेंभे पेटवून माश्या जाळतात.
२) पीक फुलात असताना दिवसा औषध फवारतात.
३) बांधावरची झाडे तोडतात. तणनाशकाने रानफुलेही जातात. मग माश्यांनी खायचे काय?

यंदा आमच्या परसातल्या भोपळ्याला फुले खूप आली, पण फळ धरेना. बारके भोपळे पिवळे पडून गळायचे. बाईंनी सांगितले, भोपळ्याचे नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. नर फुलातले पराग माशी मादी फुलावर नेते, तेव्हा फळ धरते. मग मी रोज सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर घासले. चार भोपळे लागले! पण सगळ्या गावाची फुले मी एकटी कशी घासणार?

आमचे दादा तुरीवर सकाळी फवारायचे. मी सांगितल्यावर आता ते माश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी फवारतात.

पालकांनो, तुम्हीही असेच करा. पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापा, पिलांचा राहू द्या. मुलांनो, मोहोळाला दगड मारू नका.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी